माझ्याच अर्जाविरुद्ध एकशे बारा सह्या

स्किथर्डेल,
मंगळवार (पाऊस नाही, पण विचारात आहे)

प्रिय मुरिएलताई,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आधी नमस्कार, मग तुला. (वयाने तू मोठी, पण सध्या मान त्यांचा.) समुद्राची हवा मानवली का, नवा डॉक्टर ऐकून घेतो की नुसतं लिहून घेतो, शेजारची बाई अजून रविवारी धडधडीत कपडे वाळत घालते का, सगळं सविस्तर कळव. इकडे चॅपलचं छप्पर आहे तिथे आहे. मी बरी आहे. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी बरी आहे असं धरून चाल.

आता एक घोर अन्याय तुझ्या कानी घालते. गेले सात महिने रोज संध्याकाळी सहा आणि सातच्या दरम्यान कोणीतरी माझ्या पुढच्या बागेच्या भिंतीवर सायडरचा रिकामा डबा ठेवून जात होतं. एकच डबा. ढीग असता तर मी त्याला गुंडगिरी म्हणून मोकळी झाले असते, पण हा एकुलता एक, आणि फेकलेलाही नव्हे, ठेवलेला! जिरेनियमच्या कुंडीशेजारी, अगदी सरळ, शिकवणीला आलेल्या पोरासारखा. मी रोज तो उचलायचा, धुवायचा, माझ्या कचऱ्यात टाकायचा. माझ्या कचऱ्यात, ताई! बाराव्या वर्षी चॅपलमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घेतलेल्या बाईच्या कचऱ्यात आठवड्याला सात डबे! कचरागाडीवाला माझ्याकडे आपुलकीने बघायला लागला होता. (पाळत का ठेवली नाहीस म्हणशील. पडद्याआड उभं राहून रस्ता बघणं मला शोभत नाही. आणि दोनदा राहिले, तर दोन्ही वेळा डुलकी लागली.)

शेवटी कौन्सिलला फोन केला. पाऊण तास फोनवर नुसतं संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली. "डबा रस्त्यावर आहे का?" म्हणाली. म्हटलं, भिंतीवर. "भिंत कोणाची?" माझी. "मग डबाही तुमचाच, बाई." मी तिला तिच्या आईवडिलांबद्दल एकदोन प्रश्न विचारणार होते, एवढ्यात ती दयेने म्हणाली, "डबा कुठल्या दुकानातला आहे हे ठाऊक असेल तर त्या दुकानाविषयीचा फॉर्म असतो, तो भरा." आता आपल्या गावात दुकान एकच, मिस्टर कुगनेसनचं. (तू गेलीस त्यानंतर पोस्ट बंद झालं, मग बँक, मग खाटीक, आता पावापासून मेंढ्यांच्या जंताच्या औषधापर्यंत सगळं त्यांच्याकडेच.) म्हटलं, असेल काहीतरी कचऱ्याबद्दलचा दुकानवार फॉर्म. भरला.

आता तू म्हणशील, अगं, दवाखान्याच्या खिडकीत बसून अठरा वर्षं लोकांना 'फॉर्म नीट वाचा' म्हणून झापणारी तू! होय. तीच मी. झापणाऱ्याने स्वतः वाचायचं असतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर चार चौकटी होत्या: गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव, बालकांचं रक्षण. उपद्रवावर खूण केली, तर उरलेल्या तिघी केविलवाण्या दिसायला लागल्या, म्हणून चारींवर केली. आणि 'कारणे सविस्तर लिहा' म्हणून केवढा थोरला रकाना! एवढी मोकळी जागा बघून माझा हात शिवशिवतो हे तुला ठाऊक आहे. मी लिहिलं की, या डब्यामुळे माझी झोप, माझं जिरेनियम आणि एकूण पाश्चात्त्य संस्कृती धोक्यात आलेली आहे. फार समाधान वाटलं. चहा केला, दोन बिस्किटं खाल्ली आणि विसरून गेले.

दोन आठवड्यांनी दुकानाच्या दारावर आणि समोरच्या दिव्याच्या खांबावर फिकट निळे कागद लागले: या दुकानाच्या मद्यविक्रीच्या परवान्याचा फेरविचार करावा असा अर्ज आला आहे, अठ्ठावीस दिवसांत म्हणणं मांडा, त्यानंतर सुनावणी. ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! दूध-पाव विकून ते दुकान चालत नाही. दूध-पाव हे त्या माणसाचं पुण्य. पोट भरतं ते बिअर-सायडरवर. परवाना गेला तर नाताळच्या आत शटर खाली, आणि पुढचं दुकान अकरा मैलांवर, तेही बस आली तर. कुठल्या नतद्रष्टाचं हे काम, म्हणून मी भर रस्त्यात कडाडले. ती नतद्रष्ट कोण हे तुला कळलं असेलच. मला कळायला आणखी तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत मी काय केलं? मोहीम काढली. 'आपलं दुकान वाचवा' असा अर्ज टाइप केला, पहिली सही स्वतःची ठोकली, आणि रोज दवाखान्यातून सुटल्यावर दुकानाच्या दारात टेबल टाकून बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "कोणीतरी रिकामटेकडी, कुजक्या मनाची व्यक्ती आपल्या गावात दबा धरून बसली आहे!" लोक हिरीरीने सह्या करायचे. त्या व्यक्तीबद्दल गावाने काढलेले उद्गार मी इथे लिहीत नाही. तू चॅपलची बाई आहेस, आणि मला ते आता वैयक्तिक लागतात. पेन संपलं तर मिस्टर कुगनेसनच आतून दुसरं आणून द्यायचे. थंडी होती म्हणून वासुकीने, त्यांच्या बायकोने, दोनदा मला आल्याचा चहा दिला. दोघं माझ्याकडे बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, कृतज्ञतेने भारावलेत बिचारे.

एकशे बारा सह्या झाल्यावर मी गठ्ठा घेऊन कौन्सिलच्या कचेरीत गेले. तिथे थ्वेट नावाचे परवाना अधिकारी आहेत, वाळवलेल्या माशासारखे. त्यांनी फाइल उघडली, माझ्या गठ्ठ्यावरचं नाव बघितलं, फाइलीतलं नाव बघितलं आणि म्हणाले, "मिस ऑल्डरसन, आपण अर्जदार आहात की विरोधक?" म्हटलं, अर्थातच विरोधक. त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. अर्जदार: हेझल ऑल्डरसन. खाली माझं जिरेनियम, माझी झोप, माझी पाश्चात्त्य संस्कृती.

मागे घेते म्हटलं, आत्ताच्या आत्ता मागे घेते. थ्वेट म्हणाले, "घ्या की. पण तुमचा अर्ज आला म्हणून मी दुकान तपासलं, आणि नकारांची वही कोरी सापडली. आता तक्रार माझीसुद्धा आहे." ही वही म्हणजे, पंचविशीच्या आतला वाटणारा कोणी दारू मागायला आला आणि ओळखपत्राशिवाय परत पाठवला की दुकानदाराने तारीख-वेळ लिहून ठेवायची असते. दोन वर्षांत त्यांच्या वहीत एक ओळ नाही. "म्हणजे हा माणूस कोणालाही विकतो," थ्वेट म्हणाले, आणि असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग जाता जाता, अगदी सहज: "अर्जाची प्रत दुकानदाराला पहिल्याच दिवशी गेली आहे. नियमच आहे तसा."

पहिल्याच दिवशी! म्हणजे मी दारात बसून त्या कुजक्या मनाच्या व्यक्तीचा उद्धार करत होते तेव्हा ते दोघं आतून तिलाच पेन आणि चहा पुरवत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले ती क्षमा मागायची म्हणून. "मिस्टर कुगनेसन," म्हटलं. "बोला, मिस ऑल्डरसन." म्हटलं, "आज वारा आहे, नाही?" ते म्हणाले, "आहे खरा. दुपारनंतर पडेल." मी दूध घेतलं आणि आले. असं नऊ दिवस चाललं, ताई. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं रोज सकाळी वाऱ्यावर बोलत होतो. आपल्या आईने आपल्याला शेक्सपिअर शिकवला, पियानो शिकवला, पण 'माझं चुकलं' हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचं ते शिकवायचं राहून गेलं. दहाव्या दिवशी मी निराळा मार्ग काढला. सहा रंगांची पेनं घेऊन गेले आणि हळूच म्हटलं, आणा ती वही, दोन वर्षांचे नकार मी एका दुपारी भरून देते, अक्षर बदलून. त्यांनी पेनांकडे बघितलं. म्हणाले, "दुकान माझं आहे तोवर वही खरी असू दे. खोट्या वहीवर टिकलेला परवाना घेऊन मी काउंटरमागे उभा कसा राहू?" आतल्या खोलीचं दार उघडं होतं. वासुकीने माळ्यावरच्या प्रवासाच्या बॅगा काढून, धुऊन, उन्हाच्या आशेने खिडकीशी उघड्या ठेवल्या होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही. फॉर्मवर जे खोटं लिहिलं होतं ते अखेर खरं झालं.

सुनावणीला अख्खं गाव बसने लोटलं. समोर तीन सभासद, मध्ये अध्यक्षा मिसेस क्रॅबट्री, चष्म्याला साखळी, चेहऱ्याला कुलूप. मला अर्जदाराच्या खुर्चीत बसवलं, अगदी एकटीला. पलीकडच्या बाजूला मिस्टर कुगनेसन, लग्नातला असावा असा सूट घालून, आणि त्यांच्या मागे माझेच एकशे अकरा सहीवाले. आधी थ्वेट यांनी माझा अर्ज वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता, गॅसचं बिल वाचावं तसा. वर पुस्ती: "पाश्चात्त्य संस्कृतीला असलेला धोका अर्जदारांच्या म्हणण्यानुसार सायंकाळी सहा ते सात या वेळेत उद्भवतो." कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

मग मला उभं केलं. म्हटलं, माझा या अर्जाला विरोध आहे. "पण अर्ज तुमचा आहे." हो. "आणि विरोधही तुमचा?" पहिली सही माझी. "मग तुमचं म्हणणं तरी काय आहे, बाई?" आणि तेव्हा, ताई, जे नऊ दिवस दुधाच्या बाटलीवरून सांगता आलं नाही ते दीडशे माणसांसमोर तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, फॉर्म न वाचता भरला. मस्करी म्हणून जे लिहिलं ते या माणसाच्या पोटावर आलं. हा दुकानदार चांगला आहे. अर्जदार मूर्ख आहे. नोंद करायची तर एवढीच करा. मागून कोणीतरी "ऐका, ऐका!" म्हणालं. (तो आवाज मी ओळखला आहे. दवाखान्यात येईलच कधीतरी.)

मग वहीचं निघालं. अध्यक्षांनी विचारलं, दोन वर्षांत एकालाही नकार दिला नाहीत? मिस्टर कुगनेसन शांतपणे म्हणाले, "वेळच येत नाही, बाईसाहेब. पोर काउंटरवर डबा ठेवतं. मी म्हणतो, 'काय रे, आई बरी आहे ना? थांब, फोन लावतो, विचारतोच.' मी फोन उचलेपर्यंत डबा उरतो, पोर नसतं. आता जो थांबलाच नाही, त्याला नकार दिला असं कसं लिहू?" मागच्या बाकांवर तीन आया एकदम ताठ बसल्या आणि आपापल्या घराच्या दिशेने बघायला लागल्या.

थ्वेट काही पटल्यासारखे दिसेनात. "ते काही असो, डबा तर होताच," म्हणाले. "रोज. सात महिने. कोणाला तरी विकलेला." आणि तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. वॉल्टरकाका उभे राहिले. आपले वॉल्टर हेब्डन, ताई. चॅपलचे ऑर्गनवाले. वय एकोणऐंशी. टोपी हातात.

"मला विकलेला," म्हणाले. "डबा माझा."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "हेझल पोरी, माफ कर. आमची ही, नेल, गेल्यापासून संध्याकाळ फार लांबते गं. दुकानातून एक डबा घेतो आणि टेकडी चढतो. तुझ्या भिंतीशी आलं की गुडघे म्हणतात बस, मग तिथेच टेकून पितो. तुझी भिंत बरोबर उंचीची आहे." मग डबा घरी का नेला नाही, असं अध्यक्षांनी विचारलं. "घरी लेक कचरा वेगळा करते. चॅपलमध्ये वाढलेली आहे ती. तिला वाईट वाटलं असतं." मग रस्त्यावर? "रस्त्यावर टाकणं मला जमत नाही, बाईसाहेब." आणि मग थोडा विचार करून, कोणाला दोष न देता: "तिथे खांबाला कौन्सिलची कचरापेटी असायची. गेल्या वर्षी काढून नेली."

अध्यक्षा कुठल्या विभागाने ते ठरवलं असं विचारत थ्वेट यांच्याकडे वळल्या. थ्वेट छताकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षीच्या स्वच्छता समितीने." स्वच्छता समितीच्या अध्यक्षा कोण होत्या हे कोणी बोललं नाही, पण मिसेस क्रॅबट्रींनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि त्यानंतर त्यांचा आवाज पुष्कळ माणसाळला.

वीस मिनिटांत निर्णय झाला. परवाना राहिला! वासुकी तोंडावर पदर नाही म्हणून दोन्ही हात घेऊन रडली, आणि माझ्याच मोहिमेतल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. मी लांब उभी होते. अटी दोन: नकारांची वही चालू ठेवायची, आणि दर गुरुवारी मिस्टर कुगनेसन माल आणायला शहरात जातात तेव्हा पाच ते नऊ काउंटरवर स्वतःचा परवाना असलेलं दुसरं माणूस हवं, नाहीतर त्या वेळात दारूविक्री बंद. आता गुरुवार हाच तर विक्रीचा वार. (पगार शुक्रवारी होतो, पण आपल्या गावाला धीर कुठला?) वासुकीने त्या परवान्याची परीक्षा दोनदा दिली आहे आणि दोन्ही वेळा एका गुणाने नापास झाली आहे, पगारी माणूस ठेवण्याएवढं ते दुकान चालत नाही. म्हणजे परवाना हातात आला खरा, पण एका पायाने लंगडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. वाऱ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या मागच्या फळीवरची शेरीची एक बाटली उचलली (पाठिंबा म्हणून, ताई, निव्वळ पाठिंबा म्हणून) आणि काउंटरवर ठेवली. मिस्टर कुगनेसननी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ओळखपत्र?"

म्हटलं, "मी छप्पन्न वर्षांची आहे."

"तसं सगळेच म्हणतात," ते म्हणाले, खालून नकारांची वही काढली आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, सुवाच्य अक्षरात माझं नाव, तारीख आणि वेळ लिहिली. मग शेरी जागेवर ठेवून मला दूध दिलं. मी म्हटलं, "माझं चुकलं." एकदा तोंडातून निघालेलं वाक्य दुसऱ्यांदा बरंच सोपं जातं. ते म्हणाले, "काल ऐकलं मी. खरं सांगू? ते पत्र आलं आणि लगेच तुम्ही सह्या गोळा करायला बसलात, तेव्हा वासुकी म्हणाली, ही काय भानगड? मी म्हटलं, इथली पद्धत असेल. या देशात येऊन एकतीस वर्षं झाली, पण सगळ्या पद्धती अजून कुठे कळल्यात?"

पत्र लांबलं. गुडघ्यांना जप, आणि जिने चढताना आधी चांगला पाय टाक.

तुझी धाकटी,
हेझल

ता. क. वॉल्टरकाकांच्या लेकीला आता सगळं कळलंय आणि ती काही मेली नाही; संध्याकाळी तीच त्यांना टेकडी उतरून घ्यायला येते. तू तिकडून फोनवर चॅपलचा कारभार हाकतेस, म्हणून आधीच सांगते: काकांना ऑर्गनवरून उठवायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच बुडव, समुद्र जवळ आहे. त्यांच्या जागी वाजवू शकणारी गावात एकच व्यक्ती आहे, आणि ती मी. आणि मी वाजवलेलं तू ऐकलं आहेस.

ता. क. २. खरं काम सांगायचं राहिलंच. गेल्या शनिवारी मी ती परवान्याची परीक्षा दिली. चाळीसपैकी एकोणचाळीस. (चुकलेला प्रश्न: 'फेरविचाराचा अर्ज कोण करू शकतं?' मी 'फक्त पोलीस' वर खूण केली. मनातली इच्छा असावी.) पुढच्या महिन्यापासून गुरुवारी पाच ते नऊ मी काउंटरवर असेन. मात्र परवान्याच्या अर्जाला फोटो लागतो, आणि 'ही व्यक्ती तीच आहे' अशी त्याच्या पाठीवर समाजातल्या प्रतिष्ठित माणसाची सही. पाद्री सुट्टीवर आहेत, आमचे डॉक्टर असल्या सहीला तीन आठवडे लावतात (मीच लावलेला नियम), तेव्हा तुझ्याहून, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि खोऱ्यातल्या मद्यबंदी मंडळाच्या अध्यक्षेहून, प्रतिष्ठित कोण? फोटो सोबत आहे. परतीचं पाकीट तिकीट लावून ठेवलंय. दारू विकायची, ताई, प्यायची नाही. शपथेत विकण्याबद्दल एक शब्दही नाही, मी या वेळी नीट वाचून बघितलं.

ता. क. ३. मला ओळखतेस असं तू लेखी देणार, तर मला पुरतं ओळखलेलं बरं. तू सोळाची होतीस त्या नाताळात, आईने पुडिंगवर ओतून पेटवायला, औषधाच्या नावाखाली, कपाटात ठेवलेली ब्रँडी अर्धी झाली आणि वर पाणी घातलेलं निघालं. पुडिंग पेटेना, आणि महिनाभर तुला चॅपलच्या सहलीला जाऊ दिलं नाही. ती मी प्यायले होते. आता सही कर.